रथाचा मार्ग आणि वर्गणीची पावती : कुंभकोणम् धर्मप्रांतातील वाद नेमका कशाचा?

कुंभकोणम् (तमिळनाडू) : बारा वर्षांनी भरणारा महामहम् मेळा, कावेरीकाठची प्राचीन देवळे आणि त्यांचे उंच लाकडी रथ यांसाठी प्रसिद्ध असलेल्या कुंभकोणम् शहरात एका कॅथलिक धर्मप्रांताचेही मुख्यालय आहे. पाँडिचेरीच्या महाधर्मप्रांतातून १ सप्टेंबर १८९९ रोजी वेगळा करण्यात आलेला हा धर्मप्रांत तंजावर, अरियलूर, पेरंबलूर आणि तिरुचिरापल्ली या जिल्ह्यांच्या काही भागांत पसरला आहे. पूंडी मातेची बॅसिलिका आणि एलाकुरिच्चीचे अडैक्कल मादा हे तीर्थस्थान याच धर्मप्रांतात येते. ‘अडैक्कलम्’ म्हणजे आश्रय. अडैक्कल मादा म्हणजे आश्रय देणारी माता. दोन्ही ठिकाणी येणाऱ्या भाविकांत बिगरख्रिस्ती मंडळींची संख्या लक्षणीय असते आणि तेथे कोणालाही जात विचारली जात नाही.

गेल्या काही वर्षांत मात्र या धर्मप्रांताचे नाव न्यायालयाच्या कामकाजात आणि बातम्यांत आले ते एका लहान गावामुळे. तिरुचिरापल्ली जिल्ह्यातील कोट्टपालयम् येथे संत मरिया माग्दालेना हिच्या नावाचे चर्च आहे. तेथील दलित कॅथलिकांनी असा आरोप केला की, चर्चच्या वार्षिक उत्सवासाठी त्यांच्याकडून वर्गणी स्वीकारली जात नाही, उत्सवाच्या आणि चर्चच्या कारभारात त्यांना स्थान नाही, संताचा रथ त्यांच्या वस्तीत येत नाही आणि मृत्यूनंतर त्यांच्यासाठी दफनभूमीही वेगळी आहे. उच्च न्यायालयात दिलासा न मिळाल्याने त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या न्यायालयाने तमिळनाडू सरकारला आणि इतर संबंधितांना नोटिसा बजावल्या. हे याचिकाकर्त्यांचे आरोप आहेत. त्यांची शहानिशा करणे हे न्यायालयाचे काम. परंतु या आरोपांचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. यादीच्या अग्रभागी नोकरी, शाळाप्रवेश किंवा पाण्याची विहीर नाही. तेथे आहे उत्सवाची वर्गणी. देण्याचा हक्क मिळावा म्हणून माणसे देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत का जातात, हे समजून घेतल्याशिवाय या वादाचा अर्थ लागत नाही.

मराठी वाचकाला ते समजायला फार सायास पडू नयेत. गावजत्रेची वर्गणी म्हणजे केवळ पैसा नव्हे, हे आपल्याकडचे कोणतेही गाव सांगेल. पट्टीत ज्याचे नाव, त्याला यात्रेच्या बैठकीत बोलण्याचा अधिकार. ज्याला अधिकार, त्याला मान. आणि मानकऱ्यांचा क्रम ठरला की पालखी कोणत्या वेशीतून निघेल आणि कोणाच्या दारी थांबेल हेही ठरते. तमिळ खेड्यातील चर्चचा उत्सव याच व्याकरणाने चालतो. प्रारंभी कोडियेट्रम्, म्हणजे ध्वजारोहण होते. त्यानंतर नऊ दिवसांची नोव्हेना चालते. तिच्या एकेका दिवसाचा खर्च आणि मान अनेक ठिकाणी एकेका घराण्याकडे, गल्लीकडे वा ज्ञातीकडे परंपरेने असतो. शेवटच्या रात्री फुलांनी आणि दिव्यांनी सजवलेला रथ निघतो. त्याला तमिळमध्ये ‘तेर’ म्हणतात, लहान असेल तर ‘सप्परम्’. वाजंत्री, फटाके आणि भाविकांच्या हातांतील मेणबत्त्यांसह तो गावातून फिरून परत येतो. या सगळ्याचा खर्च कुटुंबामागे आकारल्या जाणाऱ्या ‘वरि’तून भागतो. वरि हा शब्द तमिळमध्ये करासाठीही वापरतात. कर ज्याच्याकडून घेतला जातो तो त्या राज्याचा रयत ठरतो; वरि ज्याच्याकडून घेतली जात नाही, तो उत्सवाच्या दृष्टीने गावाबाहेरचा ठरतो. दलित कुटुंबांकडून पैसे न घेणे हे वरवर पाहता त्यांच्यावरचा भार हलका करण्यासारखे दिसते. प्रत्यक्षात त्या एका नकारातून पुढचे सगळे नकार आपोआप निघतात : वरि नाही म्हणून समितीत जागा नाही, समितीत जागा नाही म्हणून मार्ग ठरवताना विचारणा नाही, आणि मार्ग इतरांनी ठरवला म्हणून रथ वस्तीत नाही. यासाठी कोणालाही उघडपणे कोणाला हाकलून द्यावे लागत नाही.

चर्चच्या सामाजिक कार्याविषयी बोलताना आपण साधारणतः शाळा, दवाखाने, वसतिगृहे, पूर किंवा त्सुनामीनंतरची मदत, नाताळचे सामूहिक भोजन आणि अलीकडे चर्चच्या आवारात साजरा होणारा समत्व पोंगल यांचा उल्लेख करतो. हे काम खरे आहे आणि कावेरीच्या खोऱ्यातील दलित कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या त्यातून शिकल्या, हेही खरे आहे. परंतु ते देणारा आणि घेणारा यांच्यातील नाते आहे. घेणाऱ्याने देणाऱ्याच्या पंगतीत बसावे असा त्याचा आग्रह नसतो. उत्सवाचे तसे नाही. तेथे सर्वांनी द्यायचे असते आणि सर्वांचे मिळून एक गाव व्हायचे असते. त्यामुळे दानाच्या बाबतीत उदार असलेली व्यवस्था मानाच्या बाबतीत अडते. शिकून बाहेर पडलेली, शहरात नोकरी करणारी पिढी सणाला गावी परतते तेव्हा तिला पहिला धक्का बसतो तो येथेच, कारण शहरातल्या चर्चमध्ये तिने वेगळा अनुभव घेतलेला असतो.

हा प्रश्न नवा नाही आणि त्याच्या इतिहासाचे एक टोक मराठी राज्यात आहे. तंजावरचे राज्य १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसल्यांकडे होते आणि कुंभकोणम् त्याच प्रदेशातले. सरफोजीराजे (दुसरे) यांचा लहानपणी सांभाळ आणि शिक्षण ज्यांच्या देखरेखीखाली झाले, ते जर्मन ल्यूथरन मिशनरी ख्रिस्टियन फ्रीडरिख श्वार्ट्झ १७९८ च्या फेब्रुवारीत वारले आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. राजाने आपल्या या गुरूचे संगमरवरी स्मारक इंग्लंडमधील शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून करवून घेतले. ते आजही तंजावरच्या चर्चमध्ये आहे. श्वार्ट्झ यांच्याकडे शिकलेला आणखी एक विद्यार्थी म्हणजे तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायगम् शास्त्री (१७७४–१८६४). सरफोजींचा आश्रय त्यांना लाभला होता. हेच वेदनायगम् शास्त्री १८२९ च्या सुमारास तंजावरच्या नव्या मिशनऱ्यांच्या विरोधात उभे राहिले. वाद होता चर्चमध्ये वेळ्ळाळ आणि दलित ख्रिस्ती यांनी एकत्र बसावे काय, एकाच प्याल्यातून प्रसाद घ्यावा काय, याचा. शास्त्रींचे म्हणणे असे की, जात हा सामाजिक आचार आहे, धर्माशी त्याचा संबंध नाही आणि मिशनने त्यात पडू नये. कोलकात्याचे अँग्लिकन बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ मध्ये पत्रक काढून चर्चमधील जातिभेद थांबवण्याचा आदेश दिला, तेव्हा तंजावर-मद्रास भागातील अनेक उच्चजातीय ख्रिस्ती कुटुंबे मिशन सोडून गेली. वेदनायगम् शास्त्री हे प्रतिभावंत होते, त्यांची भक्तिगीते आजही तमिळ चर्चमध्ये गायली जातात. म्हणूनच त्यांचे हे म्हणणे विसरून चालत नाही. ‘हा सामाजिक रिवाज आहे, धर्म नव्हे’ हा युक्तिवाद जवळपास दोनशे वर्षांनंतरही बहुतेक वादांत जवळपास जसाच्या तसा ऐकू येतो.

कॅथलिकांची वाट काहीशी वेगळी होती. सतराव्या शतकात मदुरैच्या मिशनने उच्चजातीयांसाठी संन्यासी वेशातले आणि इतरांसाठी ‘पंडारस्वामी’ म्हणवले जाणारे असे दोन प्रकारचे धर्मगुरू नेमले. जातिव्यवस्थेशी भांडण न करता तिच्या आत शिरायचे, हे धोरण होते. त्याची दगडात कोरलेली खूण दक्षिणेकडे वडक्कनकुळम् येथे आहे. तेथील चर्च एकोणिसाव्या शतकात असे बांधले गेले की, दोन स्वतंत्र दालने वेदीपाशी येऊन मिळतात आणि मधल्या भिंतीमुळे दोन ज्ञाती एकमेकींना दिसत नाहीत. लोक या इमारतीला गमतीने विजारीची उपमा देत. १९१० मध्ये जेजुइटांनी ती भिंत पाडली. पिळ्ळै मंडळी न्यायालयात गेली. मद्रास उच्च न्यायालयाने त्यांचा दावा मान्य केला नाही. म्हणजे चर्चमध्ये जातीचा हक्क मागण्याचा प्रश्न न्यायालयात शंभर वर्षांपूर्वीच येऊन गेला आहे. तेव्हा भिंत राखावी म्हणून लोक गेले होते. आता भिंत जावी म्हणून जात आहेत, हा त्यातला फरक.

भिंती पडल्या, पण रस्ते राहिले. चर्चच्या आत एकत्र बसणे आज बहुतेक ठिकाणी रूढ झाले आहे. वाद सरकला तो चर्चच्या दाराबाहेर, जेथे धर्मगुरूंचा अधिकार संपतो आणि गावाचा सुरू होतो असे मानले जाते. तेव्हाच्या विळुप्पुरम् जिल्ह्यातील एरैयूर येथे दलितांना मुख्य रस्त्यावरून अंत्ययात्रा नेण्यास होणारा विरोध आणि त्यांनी स्वतंत्र धर्मग्रामाची केलेली मागणी यांतून मार्च २००८ मध्ये हिंसाचार उसळला. पोलिसांच्या गोळीबारात दोघांचा मृत्यू झाला. ते दोघे वण्णियार ख्रिस्ती होते. एकाच वेदीपुढे गुडघे टेकणारे दोन समाज, आणि त्यांच्या मधोमध रस्त्यावर उभे पोलीस : एरैयूरचे ते दृश्य आजही तमिळनाडूतील प्रत्येक बिशपच्या मनात असणार. उत्सवाच्या काळात ठाम भूमिका घेण्याऐवजी चर्चचे अधिकारी ‘यंदा राहू द्या’ म्हणण्याकडे का झुकतात, याचे एक कारण त्यात सापडते.

रथाचा प्रश्न केवळ चर्चचा आहे असे म्हणणेही अन्यायाचे ठरेल. शिवगंगा जिल्ह्यातील कंडदेवी येथील हिंदू देवळाच्या रथाचा दोर ओढण्याच्या हक्कावरून दोन दशकांहून अधिक काळ तंटा चालला. सतरा वर्षे थांबलेला तो रथ न्यायालयाच्या दबावाखाली आणि मोठ्या बंदोबस्तात जून २०२४ मध्ये निघाला. आणि नाशिक विसरता येत नाही. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात ९ एप्रिल १९३० रोजी, रथोत्सवाच्या दिवशी, स्पृश्य आणि अस्पृश्य अशा दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून रथ ओढायचा असे ठरले होते. आयत्या वेळी सत्याग्रहींना बाजूला ठेवून रथ पळवण्यात आला आणि दगडफेक झाली. रथाला हात लावण्याचा अर्थ काय होतो, हे डॉ. आंबेडकरांच्या अनुयायांनी त्या दिवशी डोके फोडून घेऊन शिकले. गोव्यात कुंकळ्ळीच्या चर्चच्या फेस्तावरून गावकर घराण्यांची कोंफ्रारिया आणि गावातील इतर ख्रिस्ती यांच्यात वर्षानुवर्षे चाललेला वादही याच जातकुळीतला. याउलट, अहिल्यानगर जिल्ह्यातील हरेगावची मतमाउली यात्रा पाहिली तर चित्र बदलते. सप्टेंबरमध्ये भरणाऱ्या त्या यात्रेला येणारे मराठी ख्रिस्ती बहुसंख्येने पूर्वाश्रमीच्या दलित समाजांतील असल्याने तेथे मान अडवून धरणारा वरचा गट मुळातच नाही. धर्मांतर ज्या प्रदेशात जातवार, सर्व थरांतून झाले, तेथे जाती चर्चमध्ये शेजारी-शेजारी आल्या आणि त्यांच्याबरोबर त्यांची उतरंडही आली. तमिळनाडूत ख्रिस्ती लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ४४ लाख, म्हणजे ६.१ टक्के आहे; महाराष्ट्रात ती एक टक्क्याच्या आसपास. समाज मोठा आणि जुना असल्यामुळेच तेथे तो गावाचे सगळे रूप धारण करतो.

कंडदेवी आणि कोट्टपालयम् यांच्यात मात्र एक महत्त्वाचा फरक आहे. देवळाच्या बाबतीत तमिळनाडू सरकारच्या हाती हिंदू धर्मादाय विभाग आहे. अधिकारी नेमता येतो, बैठक घेता येते, रथ कोणी ओढायचा याचे आदेश काढता येतात. चर्चच्या बाबतीत असा कोणताही विभाग नाही. जिल्हाधिकारी शांतता समितीची बैठक बोलावू शकतात आणि पोलीस मिरवणुकीला परवानगी देऊ किंवा नाकारू शकतात. शांततेच्या भाषेत बोलायचे तर सर्वांत सोपा तोडगा असतो जुना मार्ग कायम ठेवण्याचा, किंवा उत्सवच रद्द करण्याचा. पहिल्यात दलित हरतात. दुसऱ्यात गावभर त्यांच्यामुळे सण बुडाला असा बोल त्यांच्यावर येतो.

कायद्यातही एक विचित्र पोकळी आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा मुळात हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुस्लिम नाहीत. त्यामुळे अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण दलित ख्रिस्त्यांना मिळत नाही, असा अर्थ काढला जातो. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तसाच निर्णय दिला. हा दर्जा ख्रिस्ती आणि मुस्लिम दलितांना द्यावा काय, याची मागणी सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून असून, केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. यातील विरोधाभास असा की, ‘धर्मांतरानंतर अस्पृश्यता उरत नाही’ हे गृहीतक धरून राज्यव्यवस्था दर्जा नाकारते, आणि कोट्टपालयम्‌चे दलित नेमके ती उरते याचा पुरावा घेऊन न्यायालयात उभे आहेत. आरक्षणाच्या मागणीसाठी चर्च त्यांच्या बाजूने बोलते. उत्सवाच्या मागणीत मात्र त्यांचा रोख चर्चकडेच आहे. दोन्ही ठिकाणी साक्षीदार तीच माणसे.

तरीही मार्ग अजिबात नाही असे नाही. संविधानाचे सतरावे कलम अस्पृश्यता रद्द करताना धर्माचा उल्लेख करत नाही. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ चे तिसरे कलम त्याच धर्माच्या इतरांना खुल्या असलेल्या प्रार्थनास्थळात अस्पृश्यतेच्या कारणाने कोणाला रोखणे हा गुन्हा मानते आणि त्यासाठी अनुसूचित जातीचे प्रमाणपत्र मागत नाही. महाराष्ट्राने याहून पुढचे पाऊल टाकले आहे. सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा २०१६ चा कायदा जातपंचायतींना समोर ठेवून झाला असला तरी, समाजाच्या धार्मिक समारंभात वा मिरवणुकीत भाग घेण्यास अडवणे हे त्यात बहिष्काराच्या व्याख्येतच येते. तमिळनाडूत, जेथे अशा तक्रारी अधिक आहेत, तसा कायदा नाही. तेथील पक्षांना तो हवा आहे असेही दिसत नाही. ज्या समाजांचा चर्चच्या उत्सवावर ताबा आहे, त्यांची मतेही त्या-त्या मतदारसंघात निर्णायक असतात.

उरतो बिशपांचा अधिकार, आणि माझ्या मते खरी किल्ली तेथेच आहे. अशा वादांत धर्मप्रांतांकडून सहसा असे सांगितले जाते की, उत्सव गावसमिती करते, चर्च करत नाही. हे अर्धेच खरे आहे. धर्मग्रामाचे धर्मगुरू बिशप नेमतात, तेथील मिळकत आणि हिशेब अंतिमतः त्यांच्या देखरेखीखाली असतात, आणि ज्या रात्री मिस्सा होऊन रथावर पवित्र जल शिंपडले जात नाही, त्या रात्री रथ म्हणजे केवळ सजवलेली गाडी असते. १९८३ च्या धर्मसंहितेचे २०८ वे कलम सर्व श्रद्धावंतांची समान प्रतिष्ठा मान्य करते. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले. देशातील सुमारे १ कोटी ९० लाख कॅथलिकांपैकी १ कोटी २० लाख दलित असल्याचे आणि चर्चमध्ये भेदभाव असल्याचे त्यात स्वतः मान्य केले. हैदराबादचे आर्चबिशप पूला अँथनी ऑगस्ट २०२२ मध्ये कार्डिनल झाले, ते या समाजातील पहिले. रोमपर्यंत जे पोहोचले ते तिरुचिरापल्ली जिल्ह्यातील एका गल्लीपर्यंत पोहोचायला एवढा वेळ का लागावा, असा प्रश्न तेथील माणसांनी विचारला तर त्यांना दोष देता येणार नाही.

बिशपांपुढची अडचण खोटी नाही. वरच्या ज्ञातींची कुटुंबे चर्च सोडून दुसऱ्या पंथात जाण्याची भीती असते, इतर संघटना अशा फुटीची वाट पाहत असतात, आणि धर्मगुरूंमध्येही जातीचे हिशेब असतात, हे धर्मगुरूच खासगीत मान्य करतात. ज्या राज्यात ख्रिस्ती संस्थांवर धर्मांतराचे आरोप सतत होत असतात, तेथे घरातले भांडण चव्हाट्यावर नेणाऱ्या दलित ख्रिस्त्यांवर ‘शत्रूच्या हाती कोलीत देणारे’ असा ठपका सहज बसतो. परंतु त्यांनी आधी बिशपांकडे, मग जिल्हा प्रशासनाकडे दाद मागितली असेल आणि मग न्यायालयात गेले असतील, तर चव्हाट्यावर नेण्याची पाळी त्यांच्यावर कोणी आणली, हेही विचारले पाहिजे.

चर्चच्या पंचांगात मरिया माग्दालेनाचा सण २२ जुलैला येतो. पुनरुत्थानाची वार्ता प्रथम सांगणारी आणि जिच्या शब्दावर प्रेषितांनी सुरुवातीला विश्वास ठेवला नाही, अशी ही संत. तिच्या रथाचा मार्ग न्यायालयाने आखून द्यावा, अशी अपेक्षा याचिकाकर्त्यांचीही नसावी. त्याआधी करण्याजोगी एक साधी गोष्ट धर्मप्रांताच्या हातात आहे. ध्वजारोहणापूर्वी काही आठवडे वरिची पावतीपुस्तके छापली जातात आणि घरोघर हिंडणाऱ्यांच्या हाती दिली जातात. ती पुस्तके गावसमितीच्या नावाने न छापता धर्मग्रामाच्या नावाने छापावीत आणि धर्मगुरूंनी पहिली पावती स्वतः त्या वस्तीत जाऊन फाडावी, यासाठी कोणत्याही निकालाची वाट पाहावी लागत नाही.